सव्वादोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही, स्पीच थेरपी सुरू करावी की थांबावं?

सायली_नाशिक:
नमस्कार मंडळी, आधी असा धागा असेल तर लिंक द्या, मला सापडला नाही. माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. आई, बाबा, भूभू, भुर्र, नाई, दे असे मोजके शब्द आहेत, दोन शब्द जोडून अजून एकदाही बोललेला नाही. बाकी चालणं पळणं खाणं सगळं व्यवस्थित, खोड्या तर विचारू नका. पाणी पाहिजे असेल तर माझा हात धरून माठापाशी नेतो. सोसायटीतली त्याच्याहून दोन महिन्यांनी लहान मुलगी "आजोबा बाजारात गेले" असं पूर्ण वाक्य बोलते आणि मग सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे वळतात. सासूबाई म्हणतात मुलगे उशिराच बोलतात, ह्याचा बाबासुद्धा तीन वर्षांनी बोलला. आईने वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलंय, शेजारच्या काकू म्हणाल्या पोपटाचा उष्टा पेरू द्या. डॉक्टर म्हणाले वाटल्यास स्पीच थेरपिस्टला दाखवा. आता हे "वाटल्यास" म्हणजे नेमकं काय समजायचं? एवढ्या लहान मुलाला थेरपीत करतात तरी काय, उपयोग होतो का, ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

मुग्धा७:
सायली, आधी काही गोष्टी सांग म्हणजे नीट बोलता येईल. नाव घेतल्यावर वळून बघतो का, दर वेळी की कधीकधी? आकाशात विमान दिसलं तर बोट दाखवून तुझ्याकडे बघतो का, म्हणजे "आई बघ" असं? "चप्पल आण" म्हटलं आणि हाताने काहीच खूण केली नाही तर आणतो का? सर्दी सारखी होते का? आणि मोबाईल किती वेळ बघतो ते खरं सांग, इथे कोणी ओरडणार नाही. पेरू खुशाल दे पण धुतलेला दे, पक्ष्याचं उष्टं नको.

सातारकर_आजोबा:
सूनबाई, एवढं घाबरून जाऊ नये. माझा धाकटा भाऊ चौथ्या वर्षी बोलायला लागला आणि पुढे उत्तम वकील झाला. हल्ली जरा काही झालं की लगेच थेरपी. घरात माणसं असू द्या, त्याच्याशी बोलत राहा, मूल बोलतं. तुम्हाला धीर यावा म्हणून लिहिलं.

सायली_नाशिक:
धन्यवाद आजोबा, बरं वाटलं वाचून. मुग्धा, नाव घेतलं की बहुतेक वेळा बघतो पण खेळात असला तर अजिबात नाही. बोट दाखवतो, विमान आणि चंद्र हे तर रोजचंच आहे. चप्पल आणतो. सर्दी मात्र पावसाळा सुरू झाल्यापासून सारखी चालूच आहे, मागे कान पण दुखला होता. मोबाईल जेवताना असतो, शिवाय मी स्वयंपाक करते तेव्हा टीव्ही. घरात मी आणि सासूबाईच, नवरा शिफ्टमध्ये.

वाचाश्रुती:
मी सरकारी हॉस्पिटलात स्पीच थेरपिस्ट आहे, बरीच वर्षं लहान मुलांबरोबर काम करतेय म्हणून जरा मोठं लिहिते. मुलाला न बघता निदान करता येत नाही, तेव्हा हे सगळं सर्वसाधारण आहे असं समजा.

सातारकर आजोबा, तुमच्या भावासारखी मुलं असतात हे अगदी खरं आहे. दोन वर्षांना कमी बोलणारी बरीच मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात. अडचण अशी आहे की त्यातलं कोणतं मूल येणार आणि कोणतं मागे राहणार हे दोन वर्षांना पक्कं सांगता येत नाही, आणि जी मुलं मागे राहतात त्यांची दोनतीन वर्षं वाट बघण्यात जातात. माझ्याकडे साडेचार-पाच वर्षांची मुलं येतात, शाळेने पाठवलेली, आणि आईला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, सगळे थांबा म्हणत होते. दाखवून घेतलं आणि काही निघालं नाही तर नुकसान काहीच नाही. म्हणून मी "थांबा" हा सल्ला कोणालाच देत नाही.

ढोबळ अंदाज सांगते. सहा ते नऊ महिन्यांत बाबाबा दादादा अशी बडबड, वर्षाच्या आसपास पहिला अर्थाचा शब्द, बोट दाखवणं वर्ष-सव्वा वर्षात, आणि दोन वर्षांपर्यंत साधारण ५० शब्द आणि दोन शब्दांची जोडणी, म्हणजे "बाबा गेले", "दूध नको" असं. शब्द मोजताना भूभू, माऊ, भुर्र हे पण धरायचे बरं का. मूल दर वेळी त्याच अर्थाने वापरत असेल तर तो शब्दच आहे, उच्चार कसाही असो. सायली, तुमच्या मुलाला सांगितलेलं कळतं, बोट दाखवतो, खुणा करतो, ह्या चांगल्या बाजू आहेत. शब्द मात्र कमी आहेत आणि जोडणी नाही, म्हणजे दाखवायलाच हवं.

आणि सगळ्यात पहिलं काम कानाची तपासणी. थेरपी, शाळा, डाएट सगळं त्याच्या नंतर. "तो ऐकतो हो, कुकरची शिट्टी झाली की बघतो" हे मला रोज ऐकायला मिळतं. शिट्टी मोठी असते. बोलण्यातले स, श, त, क हे आवाज बारीक असतात, थोडं कमी ऐकू येणाऱ्या मुलाला शिट्टी कळते आणि शब्द अर्धवट पोचतात. सारखी सर्दी असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहू शकतं, दुखत नाही, ताप नाही, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही आणि आठवडेच्या आठवडे मूल कानात बोळा घातल्यासारखं ऐकत असतं. ओएई (आवाजाला आतला कान प्रतिसाद देतो का), टिंपॅनोमेट्री (पडद्यामागे पाणी आहे का) आणि गरज वाटली तर बेरा (आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का) अशा तपासण्या असतात. पहिल्या दोन्ही काही मिनिटांतच होतात, बेरा झोपेत करावी लागते.

वेखंड लावू नका. उशिरा बोलण्यावर त्याचा उपयोग नाही आणि एवढ्या लहान मुलांना ते पोटात गेल्यावर उलट्या, सुस्ती असा त्रास होऊ शकतो. अजून एक, "जीभ चिकटलेली आहे, कापून घ्या" असंही कोणीतरी सांगेलच. जिभेखालचा पडदा आखूड असला तर काही आवाज अस्पष्ट येऊ शकतात, पण त्याने मूल मुळात बोलायचंच राहत नाही. थेरपीत काय करतात ते रात्री लिहिते, ओपीडीची वेळ झाली.

कोल्हापूरची_राणी:
वाचाश्रुतीताईंनी कानाचं लिहिलं ते सगळ्यांनी दोनदा वाचा. माझी मुलगी जन्मतः कमी ऐकते, आमचं नात्यातलं लग्न, मामाचाच मुलगा. ती दार आपटलं की दचकायची, फटाक्याला रडायची, घरातल्या कुणालाच पटत नव्हतं. नणंदेने मागून टाळ्या वाजवून बघितलं, पोरगी वळली, झालं, सगळे खूश. ती टाळीच्या आवाजाने वळली का सावली बघून वळली कोण सांगणार. बेराच्या दिवशी पोरीला झोप यायला पाहिजे म्हणून आदल्या रात्री जागवायला सांगितलं होतं, ती रात्र माझ्या लक्षात आहे. रिपोर्टमध्ये दोन्ही कानांना खूप जास्त लॉस निघाला.

आधी कानाची मशीन लावली आणि मग कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवतात ते यंत्र. खर्च ऐकून पायाखालची जमीन सरकते पण केंद्र सरकारची एडिप योजना आहे, जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाचं वय पाच वर्षांच्या आत असेल आणि उत्पन्नाची अट बसत असेल तर त्यातून होतं, मुंबईची अली यावर जंग संस्था त्याचं काम बघते. वयाची अट आहे म्हणूनच कानाची तपासणी लांबवू नका म्हणते मी. आणि लोकांना वाटतं ऑपरेशन झालं की पोरगी बोलायला लागणार. नाही हो. ऑपरेशननंतर मशीन पहिल्यांदा चालू करतात, त्या स्विच ऑनला तिचं ऐकण्याचं वय शून्य असतं. दार वाजलं की "ऐकलंस? कोण आलं?" इथपासून सुरुवात. मॅपिंगच्या, म्हणजे मशीनचे आवाज जुळवून घ्यायच्या फेऱ्या, पाऊस आला की मशीन जपायची, वायर तुटली की नवीन येईपर्यंत जीव टांगणीला. थेरपी आम्ही मराठीतच केली, एकाने इंग्लिशमध्येच करा म्हणून खूप आग्रह धरला होता पण घरात आजी मराठी, शेजारी मराठी, ती बोलणार कोणाशी? आता दुसरीत आहे, साध्या शाळेत. ळ अजून कच्चा आहे पण भांडायला कुणाला ऐकत नाही.

सायली_नाशिक:
राणीताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. कानाच्या तपासणीसाठी फोन केला आज, गुरुवारची वेळ मिळालीये.

वाचाश्रुती:
छान केलंत सायली. राणीताई, तुम्ही आजी-शेजारी म्हणालात ना, तेच मी आईवडिलांना सांगत असते, घरात जी भाषा बोलता त्याच भाषेत थेरपी करा.

आता थेरपीत काय करतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ताई नुसती खेळतेय आणि ह्याचे पैसे घेतेय. दोन वर्षांच्या मुलाला समोर बसवून "म्हण बॉल, म्हण बॉल" करून भाषा येत नाही, झाला तर हट्ट होतो. मी मुलाच्या समोर जमिनीवर बसते, तो ज्याच्याशी खेळतोय त्याबद्दल बोलते. गाडी फिरवतोय तर "गाडी चालली... चालली... पडली!" एवढंच. छोटी वाक्यं आणि तेच तेच शब्द. मग पुन्हा गाडी उतारावर धरून "एक, दोन..." आणि गप्प. त्याच्याकडे बघत थांबायचं, मनात दहा आकडे मोजायचे. हे थांबणं मोठ्या माणसांना फार जड जातं, आपण लगेच मध्ये बोलतो. पण मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो. त्या गप्प वेळात तो नजरेने, हाताने, आवाजाने काहीतरी सांगतोच, आणि तो जे करेल त्याला लगेच प्रतिसाद द्यायचा.

तो "बॉ पल्ला" म्हणाला की "असं नाही, बॉल म्हण" करायचं नाही. "हो, बॉल पडला, मोठा बॉल पडला!" झालं. बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं आणि शिवाय आपलं म्हणणं आईला कळलं हा आनंद मिळतो. आपल्या भाषेत एक सोय आहे, क्रियापद एकटं आलं तरी वाक्य पूर्ण होतं. आलं, गेलं, संपलं, पडलं, नको, दे, उघड. लोक फळं आणि प्राण्यांची नावं शिकवत बसतात पण मुलाला दिवसभरात लागतात हे शब्द, मी सुरुवात बहुतेक वेळा ह्यांच्यापासून करते.

घरात करायचं ते असं. आवडीची वस्तू झाकण घट्ट असलेल्या पारदर्शक डब्यात, दिसेल पण उघडणार नाही अशी, म्हणजे त्याला तुमच्याकडे यावं लागेल. आल्यावर "उघड?" म्हणून थांबा, काहीतरी आवाज किंवा खूण केली की लगेच उघडा, शब्द येईपर्यंत अडवून रडवू नका. दोन गोष्टी समोर धरून "केळं की बिस्कीट?" विचारा. बडबडगीताच्या ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबा. आणि "हे काय? तो कोण? रंग कुठला?" हे प्रश्न निम्म्याने कमी करा, त्याची परीक्षा चालल्यासारखं होतं. आपल्याकडे आजी लोकांच्या प्रेमाचा भाग असा की मुलाने मागायच्या आत हातात पेला येतो. सासूबाईंना सांगा, पेला तोच द्या, फक्त त्याने मागेपर्यंत जरा थांबा. त्या तयार झाल्या तर तुमच्यापेक्षा जास्त काम त्याच करतील, त्यांच्याकडे वेळ आहे आणि गोष्टी आहेत.

मोबाईलबद्दल. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये सांगितलंय, वर्षाच्या आत अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही नकोच, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्यापेक्षा कमी तर उत्तम. मोबाईलमुळेच मूल बोलत नाही असं मी म्हणणार नाही, कारणं अनेक असतात. पण स्क्रीन त्याच्यासाठी थांबत नाही आणि त्याला उत्तर देत नाही. एबीसीडी आणि वनपासून फिफ्टीपर्यंत पाठ असलेली आणि तहान लागली तर पाणी न मागता येणारी मुलं माझ्याकडे आठवड्याला येतात.

मुग्धा७:
हे "पाठ असतं पण मागता येत नाही" वाचून माझ्या भाच्याची आठवण झाली. तो बोट दाखवायचा नाही, हाक मारली तरी बघायचा नाही, गाड्या फक्त ओळीत लावायचा. त्याचं पुढे ऑटिझमचं निदान झालं. ज्यांच्या मुलांमध्ये अशा गोष्टी दिसतात किंवा येत असलेले शब्द अचानक गेले असतील त्यांनी नुसत्या स्पीच थेरपीवर थांबू नका, डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियनला, म्हणजे मुलांच्या विकासाचे खास डॉक्टर असतात त्यांना दाखवा. भाचा पाच वर्षांचा आहे, शब्द कमी आहेत पण चित्रांवरून सांगतो. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं ॲप आहे, फुकट आहे, चित्र दाबलं की आवाज येतो. सुरुवातीला वहिनीला भीती होती की चित्रं दिली तर हा बोलायचाच नाही. उलट झालं, चिडचिड कमी झाली आणि चित्र दाबता दाबता तोंडाने पण म्हणायला लागला.

वाचाश्रुती:
मुग्धा, बरोबर. खुणा आणि चित्रं दिल्याने बोलणं थांबतं ही भीती खूप घरांत असते, आणि तसं होत नाही. उलट मुलाला आपलं म्हणणं पोचवायचा रस्ता मिळतो.

जर्सीची_मराठी_आई:
आमच्याकडे न्यू जर्सीत तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन नावाची सरकारी सेवा असते, फोन केला की घरी येऊन तपासणी फुकट करतात, थेरपीला उत्पन्नाप्रमाणे पैसे द्यावे लागू शकतात. मुलगी दोन वर्षांची असताना इथल्या मराठी मंडळातल्या दोघीतिघींनी सांगितलं की घरी मराठी बंद कर, दोन भाषांमुळे गोंधळतेय. थेरपिस्ट स्वतः इंग्लिश बोलणारी, तिनेच सांगितलं की असं काही करू नका, दोन भाषांनी मूल मागे पडत नाही, तुम्ही ज्या भाषेत मनापासून बोलता तीच बोला. शब्द मोजतानाही दोन्ही भाषांतले धरायला लावले. पाणी आणि मोअर आणि नको आणि शूज, सगळं एकाच यादीत. आता पुण्याला आजीशी व्हिडिओवर तासभर गप्पा मारते.

अंगणवाडीताई_यवतमाळ:
मी अंगणवाडी सेविका आहे, इथं सगळं पुण्या-मुंबईचं वाचते म्हणून खेड्याचं पण लिहावं वाटलं. आमच्याकडे आरबीएसकेची गाडी वर्षातून दोनदा येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ साली हे आपल्या पालघरपासूनच सुरू झालं. गाडीत दोन डॉक्टर, एक सिस्टर, एक औषधवाले. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात, बोलत नाही ऐकत नाही हे पण त्यात येतं, चिठ्ठी देतात आणि जिल्ह्याला डीईआयसीमध्ये, म्हणजे अशा मुलांच्या सरकारी तपासणी-उपचार केंद्रात पाठवतात, तिथं थेरपी फुकट. चिठ्ठी मिळते पण जाणं अवघड आहे. जायला दीड-दोन तास, यायला तेवढेच, आईची मजुरी बुडते, कापसाच्या दिवसात तर निघणंच होत नाही. थेरपी आठवड्याला पाहिजे म्हणतात. मी एवढंच करते की ज्या दिवशी आई जाऊन येते त्या दिवशी तिथं काय शिकवलं ते तिला माझ्यासमोर करून दाखवायला लावते आणि मग अंगणवाडीत रोज तेच मी पण करते. गाणी आहेत, भातुकली आहे, खाऊ वाटताना "कुणाला पाहिजे?" म्हणून थांबते. एक पोरगा "मला" म्हणायला लागला तर पूर्ण अंगणवाडीने टाळ्या वाजवल्या. माझं म्हणणं आहे की थेरपिस्ट तालुक्याला महिन्यातून एकदा तरी बसायला पाहिजे.

वाचाश्रुती:
ताई, तुम्ही जे करताय ते आम्ही सेशनमध्ये करतो त्यापेक्षा कमी नाही. मूल माझ्याकडे आठवड्याला पाऊण तास असतं, बाकी सगळा वेळ तुमच्याकडे आणि आईकडे. तालुक्याची मागणी शंभर टक्के रास्त आहे, पदंच कमी आहेत आणि आहेत तीही भरलेली नसतात.

पराग_पिंपरी:
जरा वेगळा प्रश्न. मुलगी साडेतीन वर्षांची, खूप बोलते, पण गेले दोन महिने "म म म मला" असं अडखळते. आम्ही सांगतो हळू बोल, श्वास घे, तर अजून वाढतं. आणि काकाला ताता, गाडीला दाडी म्हणते. दोन्हीला थेरपी लागेल का?

वाचाश्रुती:
परागदादा, अडखळणं दोन ते पाच वर्षांत सुरू होतं आणि बहुसंख्य मुलांचं आपसूक जातं. "हळू बोल" म्हणणं आजपासून बंद करा, त्यापेक्षा तुम्ही स्वतः सावकाश बोला आणि तिचं वाक्य तिलाच पूर्ण करू द्या, बघा तिच्याकडे, घाई दिसू देऊ नका. घरात कुणाला तोतरेपणा असेल, सहा महिन्यांहून जास्त टिकलं, बोलताना डोळे मिटते, मान झटकते किंवा बोलायचं टाळायला लागली तर लगेच या. तुम्हाला काळजी वाटत असेल तर त्याआधीही या. क चा त आणि ग चा द साडेतीनच्या आसपास सुटायला लागतो, चारपर्यंत राहिला तर दाखवा, त्यावर काम चांगलं होतं. र आणि ळ उशिरा येतात, त्याची आत्ता चिंता नको. एक साधं माप, तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला साधारण पाऊण तरी कळायला हवं, चार वर्षांना जवळपास सगळं.

पराग_पिंपरी:
धन्यवाद ताई. अजून एक, आमच्या भागात एक सेंटर आहे, तीन महिन्यांत बोलण्याची गॅरंटी म्हणून बोर्ड लावलाय आणि पूर्ण पॅकेजचे पैसे आधी मागतात. आई-बाबांना आत येऊ देत नाहीत, काचेतून बघा म्हणतात.

वाचाश्रुती:
गॅरंटी देणाऱ्याकडे जाऊ नका. थेरपिस्टचं शिक्षण बीएएसएलपी (पदवी) किंवा एमएएसएलपी (पदव्युत्तर) असतं आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक असतो, तो बिनधास्त विचारा, आम्हाला राग येत नाही. चार-सहा आठवड्यांचा कोर्स करून बोर्ड लावणारे खूप झालेत आणि त्याचा मला खरंच संताप येतो, कारण त्यात पैशाबरोबर मुलाचं वय जातं. एवढ्या लहान मुलाच्या सेशनमध्ये आईबाबांना बाहेर ठेवायचं कारण मला तरी कळत नाही, घरी करायचं कोणी मग? खर्चाचा प्रश्न असेल तर जिथे हे कोर्स शिकवतात तिथल्या ओपीडी बघा. मुंबईत नायर हॉस्पिटल, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ. विद्यार्थी थेरपी देतात पण वर सीनिअर असतात आणि खासगीपेक्षा खूप स्वस्त पडतं.

सातारकर_आजोबा:
वाचतो आहे सगळं. आमच्या काळी ह्यातलं काही उपलब्ध नव्हतं. सूनबाई, गुरुवारी जाऊन याच. नातवाला आशीर्वाद.

सायली_नाशिक:
अपडेट देते. गुरुवारी ओएई झाली, उजवा कान पास, डावा रेफर आला, म्हणजे पास झाला नाही, पुढे तपासायला हवा. टिंपॅनोमेट्रीत डाव्या कानात पाणी दिसलंय. ईएनटीने औषध दिलंय, पुन्हा तपासायला बोलावलंय, तेव्हाही रेफर आलं तर बेरा करू म्हणाले. सासूबाई माझ्याबरोबर आल्या होत्या, डॉक्टरांनी त्यांना मशीनवर दाखवलं, त्या दिवसापासून जेवताना मोबाईल त्यांनीच बंद केलाय. पारदर्शक डब्यात मनुका ठेवल्यात. काल "उघ" म्हणाला. स्पीच थेरपिस्टची पहिली भेट पुढच्या आठवड्यात आहे, जाताना काय काय न्यायचं?

वाचाश्रुती:
वा, "उघ" म्हणजे शब्दच, यादीत लिहा. जाताना जन्माच्या वेळचे कागद न्या, वजन, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, कावीळ किती वाढली होती, हे सगळं विचारतात. कानाचे रिपोर्ट. येणाऱ्या शब्दांची यादी, जसा म्हणतो तशीच लिहा. आणि घरी खेळतानाचे दोनतीन मिनिटांचे एक-दोन व्हिडिओ, सासूबाईंबरोबरचा एक नक्की, कारण नवीन जागी मुलं तोंड उघडत नाहीत आणि मग आई बिचारी "घरी बोलतो हो" म्हणत राहते. सकाळची वेळ घ्या, झोप आणि पोट भरलेलं असू द्या. आवडतं एक खेळणं घरचं न्या.

सायली_नाशिक:
करते सगळं. दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट आला की इथेच टाकते.